झाकणावरची वीट

१४ जुलै, रविवार

पंधरा रिंगिटचा मासा — असं मी चार वर्षं सगळ्यांना सांगत आलो. आज दुकान बंद होतं म्हणून बसून खरा हिशोब केला.

मासा पंधरा. पहिली टाकी दोन फुटी, मग तीन फुटी, आता पाच फुटी. तिन्हींच्या खालचे घोडे मीच ठोकले, तेव्हा लाकूड आणि मजुरी फुकट धरू. मोटर तीनदा जळली. रोजची कोळंबी, आम्ही दोघं खातो त्यापेक्षा मोठी. रातकिडे डबा-डबा, त्यातले अर्धे घरात सुटतात आणि कपाटामागे जाऊन गातात. भिंतीकडची फरशी वजनाने खचली, ती. शिवाय एका दाताच्या डॉक्टरसाठी मी शिवलेला तीन जणांचा सोफा — पाणी बदलताना नळी निसटली आणि नवंकोरं क्रीम कापड गेलं, ते. सगळं मिळून सात हजार आठशे! एवढ्यात अस्सल लाल ड्रॅगन मासा, अरोवाना, आला असता, अंगात चिप आणि हातात सरकारी दाखला घेऊन. माझा हा चंदेरी. गरिबाचा ड्रॅगन. दाखला नाही, घराणं नाही. माझ्यासारखाच.

नाव आपेक, म्हणजे म्हातारबा. तीन इंचांचा होता तेव्हाही हनुवटीला दोन मिशा होत्या, म्हणून.

सोफ्याची मापं घ्यायची टेप काचेला लावली. दोन फूट पाच इंच. टाकीची रुंदी दीड फूट. एवढं गणित मला शाळेशिवाय येतं. वळताना धनुष्यासारखा वाकतो आणि नाक काचेवर घासतं. नाक लाल झालंय. विकणारा म्हणाला होता, ‘टाकीएवढाच वाढतो हो, शेठ.’ त्याच्या आवाजातली खोट मला तेव्हाच ऐकू आली होती. पण पंधरा रिंगिटसाठी कोण हुज्जत घालतो?

कान माझे तसे पक्के. रबराच्या लाकडावर बोटाने टकटक केली की आतून कीड लागलीय का ते सांगतो. माणसाचंही तसंच. मलेशियातल्या या मुआर गावात आलो तेव्हा दोन शर्ट होते आणि हे दोन कान. त्यावर सोफ्यांचा कारखाना उभा केला.


१६ जुलै

बायकोच्या, बी लियानच्या, ऑपरेशनची तारीख आली. चोवीस. गळ्यातली गाठ लिंबाएवढी झालीय. सुई घालून तपासली, तर ‘नक्की सांगता येत नाही’ असं उत्तर आलं. डॉक्टरीण तरुण आहे, सरळ बोलते. अर्धी ग्रंथी काढायची, ती तपासायला पाठवायची, मग कळेल कॅन्सर आहे की नाही. मी तिचा आवाज नीट ऐकला. ती काही लपवत नव्हती. तिलाही माहीत नव्हतं, एवढंच.

घरी येताना गाडीत बी लियान पुलावर म्हणाली, ‘आधी आपेकचं बघा. मी इस्पितळात असताना तुम्ही त्याला उपाशी ठेवाल.’

मी म्हटलं, तुला स्वतःची काळजी आहे की माशाची?

‘माझी काळजी करायला डॉक्टर आहेत. त्याला कोण आहे?’

आणला मी, पण मासा तिचा आहे हे खरंच. तो तिच्या बोटातून कोळंबी घेतो. मी हात घातला की पाठ फिरवतो — म्हणजे फिरवायचा, जागा होती तेव्हा.


१८ जुलै

थोरली मेव्हणी आली होती, बी किम. बी लियानसाठी काळ्या कोंबडीचं सूप घेऊन. मासा मोठी जागा असलेल्या कोणाला देऊन टाकायचाय हे ऐकलं आणि डब्याचं झाकण तिच्या हातातच राहिलं. मला बाजूला घेऊन बोलली. आत्ता, अशा वेळी, ड्रॅगन मासा घराबाहेर काढतात का? घरावर आलेलं संकट तो आपल्या अंगावर घेतो आणि मरतो. त्यासाठीच तर पाळायचा. तो मेला तर रडायचं नसतं, उदबत्ती लावायची असते. टायरवाल्या लाऊचा मासा ज्या सकाळी उलटा तरंगला, त्याच सकाळी लाऊची लॉरी उलटली आणि लाऊ शर्टाची बटणं लावत बाहेर आला.

मी म्हटलं, ताई, लाऊ दर वर्षी लॉरी उलटवतो. एवढे मासे आणणार कुठून?

‘हसा, दाजी. तुमचं काय जातंय.’

मी या गोष्टी मानत नाही. ज्यांना देवळात जायला वेळ होता त्यांचे सोफे मी शिवले. मला वेळ नव्हता.


२० जुलै

कमरुल नावाचा एक जण आला. नदीपलीकडे त्याचं तळं आहे. पैसे भरून लोक गळ टाकून बसतात. ‘शेठ, तळं मोकळं आहे, दोन एकर. राजासारखा राहील.’ राजासारखा म्हणताना आवाज जरा वर गेला. म्हणून आजच बघायला गेलो.

छपराखाली तीस माणसं, तीस गळ. एकाने मोठा मासा ओढला, फोटो काढला, परत सोडला. तासाभरात तोच मासा दुसऱ्याने ओढला. त्याचे ओठ बघितले. उसवलेल्या गादीसारखे, जागोजागी भोकं आणि चिंध्या.

कमरुलला म्हटलं, राजाचं जरा राहू दे.

बी लियानला सांगितलं तेव्हा तिने स्वतःच्या ओठाला हात लावला. 


२२ जुलै

हायवेवरचा हॉटेलवाला मासा न्यायला तयार आहे. दाराशी मोठी टाकी आहे म्हणाला. मी विचारलं, त्या टाकीतले बाकीचे मासे कुठे जातात? तो हसला. त्या हसण्याला आल्याचा आणि सोया सॉसचा वास होता.


२४ जुलै

चार तास लागले. जिवंत आहे.


२७ जुलै, शनिवार

बी लियान घरी आली. गळ्यावर पट्टी आणि आवाज गेलेला. ग्रंथीपाशी आवाजाची नस असते, ती दुखावते, महिन्या-दोन महिन्यांत येईल म्हणतात. तोवर कुजबुज. माझ्यासारख्या कानवाल्यालासुद्धा तोंडाजवळ जावं लागतं. छत्तीस वर्षांत तिच्या एवढं जवळ जाऊन मी तिचं ऐकलं नसेल.

रिपोर्ट डॉक्टरीण स्वतः समजावून सांगणार. भेटीची तारीख एकवीस ऑगस्ट. म्हणजे पंचवीस दिवस. मी मोजू नये म्हणतो, पण बोटं आपोआप मोजतात.

पट्टी सांभाळत ती सरळ टाकीकडे गेली. आपेकने तिचे पाय ऐकले असावेत. काचेला येऊन थांबला. उजवा डोळा आता खाली बघतो, पापणी लोंबल्यासारखा. तिने कोळंबी धरली. त्याने घेतली.

‘वाळला,’ ती कुजबुजली.

खोटं. मी रोज घालत होतो. पण माझ्या हातून तो खात नव्हता, हे तिला सांगितलं नाही.


३१ जुलै

माशाला घर मिळालं!

सिन्नप्पन मास्तर. बाकरीच्या रस्त्याला राहतात. रबराच्या मळ्यावरच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त. त्यांच्या खुर्च्या मी भरून दिल्या होत्या, तेव्हाची ओळख. परसात सिमेंटचं टाकं बांधलंय. वीस बाय बारा, कमरेएवढं पाणी, वर पक्की जाळी, रंबुतानच्या झाडांची सावली. आपेकसारखेच दोन आधीपासून आहेत, याच्याहून हातभर मोठे.

मी गिऱ्हाईक असल्यासारखी खोट शोधली. पाणी हुंगलं. भिंतीवर टकटक केली. टाक्याचे कोपरे गोल होते. का विचारलं, तर मास्तर म्हणाले, लांब अंगाचा मासा कोपऱ्यात शिरला की नाक फोडून घेतो. मला ते सुचलं नसतं, आणि मी आयुष्यभर कोपरेच गोल करत आलोय.

बी लियानला बरोबर नेलं होतं. मास्तरांनी तिला विचारलं, त्याला नावाने हाक मारता का? तिने माझ्या कानात सांगितलं, मी मोठ्याने म्हटलं — तो नाव ऐकत नाही, हिच्या पायांचा आवाज ऐकतो.

‘मग बाई, पहिले काही दिवस तुम्ही इथे येऊन फेऱ्या मारा,’ मास्तर म्हणाले. ‘ओळखीचा आवाज आला की खाईल. चहा मी करीन.’

ती हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मास्तर दहा तारखेला पिंप घेऊन येणार.

या माणसाच्या आवाजात एकही तडा नाही. त्याचाच मला थोडा राग आला. का ते कळत नाही.


३ ऑगस्ट

उद्यापासून चिनी पंचांगाचा सातवा महिना, भुतांचा. गल्लीत आजच पत्र्याचे डबे बाहेर आले, पितरांसाठी कागद जाळायला.

बी किम आली. बी लियान औषध घेऊन झोपली होती. आम्ही दोघं टाकीपाशी उभे. तो वळायचा प्रयत्न करत होता. अर्ध्यात अडकला, मागे सरला, परत तेच.

या खेपेला तिने लाऊची गोष्ट सांगितली नाही. सूपही आणलं नव्हतं. माशाकडे बघत म्हणाली,

‘दाजी, त्याला कुठे पाठवू नका. इथेच राहू दे. असा किती दिवस जगेल? तो जाईल आणि ही राहील.’

मग म्हणाली, ‘मला दुसरी बहीण नाही.’

मी हसलो नाही. ती गेल्यावर हे लक्षात आलं, की मी हसलो नाही.


५ ऑगस्ट

मास्तरांना फोन केला. म्हटलं, सातव्या महिन्यात आमच्या घरातून जिवंत काही बाहेर जात नाही, रिवाज आहे. असा रिवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. मास्तर म्हणाले, अर्थातच, सावकाश, तुमचं बघून घ्या.

बी लियानला सांगितलं, मास्तरांचं टाकं गळतंय, दुरुस्तीला महिना लागेल.

दोघांनाही पटलं. माल चांगला असो की वाईट, मी विकला की विकला जातो.


८ ऑगस्ट

नाकाचं कातडं गेलं. आतलं पांढरं दिसतं. पाठीच्या मध्यावर एक वाक आलाय, तो आता सरळ होत नाही. एक मिशी तुटून तळाला पडली होती, मी हळूच काढून टाकली, तिने बघायच्या आत.

तिने बघितली होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘त्याला वळता येत नाही हो.’

दुसरं काही बोलत नाही ती. रिपोर्टबद्दल एक अक्षर नाही. सकाळी गळ्याला तेल लावते, पेज खाते, मग स्टूल घेऊन काचेसमोर बसते. दोघंही मुके.

तो झाकणावर धडका देतो. वर पाल दिसली की उडी मारायची त्यांची जातच. म्हणून चार वर्षं झाकणावर वीट आहे. झाकण काचेचं, हलकं. वीट नसेल तर पहिल्या धडकेत उघडेल. पाणी बदललं की पहिली वीट ठेवायची — हे मीच बी लियानला शिकवलं होतं.


९ ऑगस्ट

समजा कॅन्सर निघाला. आणि मासा मास्तरांकडे मजेत पोहत असला. मग मी त्या माशाकडे कोणत्या तोंडाने बघायचं? आणि बी किमकडे?

मी मानत नाही. पण न मानणाऱ्यानेसुद्धा पावसात छत्री घेऊन जायला काय हरकत आहे. दिवसभर स्वतःला हेच सांगतोय. गिऱ्हाईक असं बोललं असतं तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं.


१२ ऑगस्ट, सोमवार

सापडलो.

मास्तरांनी बी लियानची विचारपूस करायला फोन केला. मी गोदामात होतो. फोन तिने घेतला. तिचा आवाज निघत नाही, म्हणून मास्तरच बोलत राहिले असणार. टाक्यात नवं पाणी भरलंय, तुमच्या रिवाजाचा मान आहे, पण माशाची तब्येत बघता लवकर बरं — असं काहीतरी.

जेवताना तिने वाटी खाली ठेवली. मी कान पुढे केला.

‘टाकं गळत नाहीये.’

मी कान तसाच ठेवला.

‘मास्तर परवा येतायत. बुधवारी सकाळी. मी हो म्हटलंय.’

तिने विचारलं नाही, का खोटं बोललात. मला वाटतं तिला कळलंय. बहिणीने तिलाही कधीतरी सांगितलं असणार, किंवा बहिणी असल्या गोष्टी सांगायच्या आधीच एकमेकींना माहीत असतात. तिने माझ्या ताटात भाजी वाढली आणि झोपायच्या खोलीत गेली.


१३ ऑगस्ट, मंगळवार

सगळं लिहितो. इथे नाही लिहिलं तर कुठेच राहणार नाही.

दुपारी बी किम बी लियानला जखमेची पट्टी बदलायला घेऊन गेली. उद्या न्यायचा म्हणून पाणी अर्धं बदलायचं होतं, मास्तरांनीच सांगितलं होतं. मी बदललं. नळी गुंडाळली. काच पुसली. झाकण ठेवलं. वीट घोड्याच्या पायाशी होती. मी तिच्याकडे बघितलं. हात ओले होते, ते पुसले. मग पुढे कारखान्यात आलो.

कामगारांना अर्धी सुट्टी दिली होती. एका दवाखान्याच्या बाकांच्या गाद्या शिवायच्या होत्या. मशीनवर बसलो. मागच्या खोलीचा दरवाजा उघडा ठेवला की बंद केला — आठवत नाही, असं लिहिणार होतो. आठवतं. उघडा ठेवला.

तीन वाजून दहा मिनिटांनी झाकण वाजलं. काच काचेवर घसरली आणि मग एक आवाज. ओली गोणी जमिनीवर टाकावी तसा. त्यानंतर थपड. थपड. थपड. फरशीवर. मग सरकत गेल्याचा आवाज, घोड्याला आपटल्याचा. मग पुन्हा थपड.

पंधरा पावलं. मोजलेली आहेत, खोली मीच बांधलीय. दोन्ही हातांनी उचललं असतं तर पाण्यात गेला असता. वर्षापूर्वी एकदा बी लियान पाणी बदलत असताना असाच बाहेर पडला होता, तेव्हा मी जेवणावरून धावलो होतो.

मी कॉम्प्रेसर चालू केला. पिनांची बंदूक त्यावर चालते, आणि तो चालू असला की शेजारचा रेडिओसुद्धा ऐकू येत नाही. तेव्हा पिना मारायच्या नव्हत्या. शिवण चालली होती. तरी चालू केला.

एक गादी पुरी झाली. चारही बाजू. एवढी सरळ शिवण माझ्या हातून कित्येक वर्षांत गेली नसेल.

कॉम्प्रेसर बंद केला तेव्हा मागे शांत होतं. गेलो. दाराच्या उंबऱ्यापर्यंत आला होता तो. कारखान्याच्या दिशेने. अंगाला फोमचा भुगा चिकटलेला, गालाला एक पिन. कल्ले एकदा उघडले, पुन्हा उघडले नाहीत. उचलला तर माझ्या दंडावर खवले राहिले. मोठे, नाण्याएवढे. घासून काढावे लागले.

बी लियान पाच वाजता आली. म्हटलं, पाल आली होती. झाकण उडवलं. वीट सरकली असणार.

ती खाली बसली. त्याच्या अंगावरून हात फिरवला, डोक्याकडून शेपटीकडे, खवल्यांच्या दिशेने. फोमचा भुगा एक-एक करून काढला. रडली नाही. बी किमने मागे उभं राहून हात जोडले आणि उदबत्ती शोधायला गेली.


१४ ऑगस्ट

मास्तर सकाळी आठला आले. पिंप, ओली पोती, हवेचा पंप, सगळं घेऊन. मी दारातच सांगितलं.

ते टाकीपाशी गेले, रिकाम्या पाण्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचाही एक असाच गेला होता म्हणे, जाळी घालायच्या आधी. ‘शेठ, स्वतःला लावून घेऊ नका. ज्याच्याकडे असा मासा आहे त्याच्या हातून एकदा तरी हे होतंच.’

मला वाटलं होतं संशय घेतील. तेवढं तरी करायला हवं होतं.

आपेकला परसातल्या कमरखाच्या झाडाखाली पुरलं. खड्डा तीन फुटी लागला. मातीत पहिल्यांदा नाक न घासता आडवा झाला तो.

घरात आलो तेव्हा बी लियान टाकीसमोर उभी होती, खाली बघत. घोड्याच्या पायाशी वीट होती. भिंतीला टेकून, उभी. मी ठेवली होती तशीच.

पडलेली वीट भिंतीला टेकून उभी राहत नाही. एवढी साधी गोष्ट!

ती काही म्हणाली नाही. म्हणायला आवाज तरी कुठे आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली.


१७ ऑगस्ट

टाकी रिकामी केली. काचेच्या आत नाकाच्या उंचीवर एक रेघ आहे, घासून घासून झालेली. साबणाने जात नाही.


१९ ऑगस्ट

बी लियान दोन दिवसांपासून दुसऱ्या खोलीत झोपते. माझ्या घोरण्याने गळा दुखतो म्हणते. घोरण्याने गळा माझा दुखायला हवा. मी हसवायला म्हटलं. ती हसली नाही.


२१ ऑगस्ट, बुधवार

काही नाही! कॅन्सर नाही!

डॉक्टरणीने संगणकावर बघून सांगितलं. साधी गाठ. पुढे औषधाचीसुद्धा गरज नाही. मी दोनदा विचारलं. तिच्या आवाजात कुठेही पोकळ जागा नव्हती. मग खुर्चीवर बसून रडलो, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. नर्सने कागदी रुमाल दिले आणि रिपोर्टचं पाकीट पुढच्या आठवड्यात घेऊन जा म्हणाली.

संध्याकाळी बी किमने भाजलेलं बदक आणलं, लाऊला सांगितलं, गल्लीभर सांगितलं. आपेकने घेतलं सगळं अंगावर. तिने कमरखाखाली तीन उदबत्त्या लावल्या, मलाही एक लावायला लावली. मी लावली. वाकून लावली.

जेवताना मी पंख्याखाली बसून जगाकडे बघत होतो, आणि खरं सांगतो — अभिमान वाटत होता. दुकान, कारखाना, हे सगळं कोणालाही जमतं. पण बायकोचा जीव एका विटेत राखला, असं कोणी केलंय? आयुष्यात सौदे खूप केले, यासारखा एक नाही. किंमत जड होती. मी मोजली. जमिनीवर थपड-थपड ऐकत मोजली. दुसऱ्या कोणाची छाती झाली नसती.

बी लियानने बदकाला हात लावला नाही. बी किम तिला म्हणाली, अगं, निदान त्या माशासाठी तरी खा, तुझ्यासाठी गेला तो.

‘मी कोणाला मागितलं नव्हतं,’ बी लियान म्हणाली.

आवाज आला होता. घोगरा, पण टेबलाच्या पलीकडून ऐकू येईल एवढा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आवाज आला म्हणून. ती माझ्याकडे बघत होती.

बघू दे. जिवंत आहे ना, मग मला कशीही बघू दे.


२३ ऑगस्ट

बी लियान बसने एकटीच मास्तरांकडे गेली होती. त्यांच्या माशांना कोळंबी घालून आली. मला कळलं ते मास्तरांच्या फोनवरून. म्हणाले, टाक्याभोवती बराच वेळ फेऱ्या मारल्या बाईंनी.


२७ ऑगस्ट, मंगळवार

इस्पितळातून पाकीट आणलं. विम्यासाठी झेरॉक्स काढायची होती, म्हणून दुकानाच्या काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं. नाव, वय, गाठीचं माप, साधी गाठ. तळाशी तपासणाऱ्याची सही. सहीखाली तारीख.

७ ऑगस्ट.

आपेक गेला १३ ला.